एका अँटेनावर दोन टीव्ही

रविवार, १२ नोव्हेंबर १९७८. दोन तोंडांची डबी बावीस रुपये, चपटी वायर पंधरा रुपये, एकूण सदतीस. हजर माणसं तीन: गच्चीवर मी आणि आमचे भाडेकरू, खाली अंगणात खुर्चीवर आई. डबी मी नवी पेठेतून आणली होती, दुकानदार तिला स्प्लिटर म्हणाला. अँटेनाची वायर एका बाजूनं तिच्यात जायची आणि दुसऱ्या बाजूनं दोन वायरी निघायच्या. एक वरच्या मजल्यावर भाडेकरूंच्या टीव्हीला, दुसरी खाली आमच्या टीव्हीला. वेगळा अँटेना आणि वेगळा पाइप घ्यायचा म्हटलं असतं तर साडेतीनशेच्या खाली काम नव्हतं. तीनशे तेरा रुपये वाचले, याचं मला त्या दिवशी समाधान होतं.

मुंबई-पुण्याचं चित्र सोलापूरपर्यंत पोचत नसे. गुलबर्ग्याचं केंद्र सुरू झाल्यावर काही जणांनी घरावर उंच पाइप उभे केले, अँटेना पूर्वेकडे वळवले आणि संध्याकाळी त्यांना तिकडचे कार्यक्रम थोडेफार दिसू लागले. कार्यक्रम बहुतेक कानडीत असत. आमचे भाडेकरू मूळचे दुधनीचे, तुरीचे दलाल. सोमवारी सकाळी दुधनीला जायचे ते शनिवारी रात्री परत. मूलबाळ नव्हतं. पत्नीला आठवडाभर एकटं वाटू नये म्हणून त्यांनी टीव्ही घेतला आणि माझ्या परवानगीनं गच्चीवर पाइप उभा केला.

पहिल्या आठवड्यापासून माझी आई संध्याकाळी वर जाऊ लागली. आई मोहोळकडची, तिला कानडी अजिबात कळत नसे. भाडेकरूंच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचो. त्या आईला अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणायच्या आणि टीव्हीवरचं प्रत्येक वाक्य तिला मराठीत सांगायच्या. एका रविवारी मीही वर जाऊन बसलो होतो. पडद्यावर एक माणूस हातात झाड धरून बोलत होता.

"काय म्हणतुया गं त्यो?" आईनं विचारलं.

"हुलग्याला कीड लागलीय म्हणतोय, अव्वा."

"मग हसतुया कशाला येवढा?"

"सरकारी माणूस हाय. त्याच्या घरचा हुलगा न्हाय की."

मग नाटक लागलं. त्यात सासू सुनेवर ओरडत होती असं मला वाटलं, पण वहिनी सांगत होत्या की सासू सुनेची समजूत घालते आहे. आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "समजूत घालताना भांडं फेकत्यात व्हय?"

"तुमच्यासाठी सासू जरा चांगली केली मी," वहिनी म्हणाल्या. दोघी डोळ्याला पदर लावून हसल्या.

आई जिन्याच्या चौदा पायऱ्या चढायची, मध्ये दोनदा बसायची. त्या पावसाळ्यात तिचे गुडघे सुजले आणि डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितलं. मी सोसायटीचं कर्ज काढून टीव्ही घेतला, पोस्टात पन्नास रुपये भरून लायसन काढलं आणि वर सांगितली ती डबी आणली. भाडेकरू लगेच हो म्हणाले. घरमालकाला नाही म्हणणं त्यांना जड गेलं असेल, हा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

खालच्या टीव्हीवर चित्र आलं, पण त्यावर ठिपके होते. वरच्यावरही तसेच ठिपके आले. लांबून येणारं चित्र आधीच अशक्त, त्याचे दोन भाग झाल्यावर असं होणारच, अशी मी समजूत करून घेतली. आठ दिवसांत सवय होईल असं सगळ्यांना सांगितलं.

मी ऑफिस सुटल्यावर एका कापडाच्या दुकानात हिशेब लिहायला जात असे आणि नऊनंतर घरी येत असे. त्यामुळे संध्याकाळी घरात काय चालतं ते मला दिसत नव्हतं. जानेवारीत एकदा बायको म्हणाली, "आत्याबाई टीव्ही लावतच नाहीत. नुसत्या समोर बसतात."

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? डोळं दुखत्यात."

"वहिनींना बोलव की खाली. सांगतील त्या."

"त्यांचा त्यांना टीव्ही हाय. आपल्या घरी कशाला येतील?"

डोळे दुखतात हे मी खरं मानलं. चष्म्याचा नंबर तपासून आणला. नंबर बदलला नव्हता.

वहिनी सुरुवातीला दोन-तीनदा खाली येऊन बसल्या होत्या, नंतर आल्या नाहीत. त्यांना आणि आईला मी नळावर बोलताना पाहत असे. बोलणं पाण्याचं आणि भाजीचं. हसणं ऐकू येत नसे. बायका कामात असतात, थंडीचे दिवस आहेत, असं काहीतरी मी धरून चाललो.

मे महिन्यात भाडेकरूंना दुधनीत बाजाराजवळ घर मिळालं. सामान टेम्पोत चढत होतं. आई दारात खुर्चीवर बसली होती. वहिनी तिच्या पाया पडल्या आणि तिथंच पायरीवर बसल्या.

"अव्वा, एक विचारू? माझं काय चुकलं? तुमी बोलवायचंच सोडलं."

"मी सोडलं व्हय? तूच येईनास की."

"तुमी स्वतःचा टीव्ही घेतला. म्हटलं, आता माझी गरज न्हाय. उगं जाऊन कशाला बसायचं?"

 आई म्हणाली, "अगं, आमच्या टीव्हीनं तुझं चित्र खराब झालं. मला लई वाईट वाटायचं. म्हणून मी आमचा बंद ठेवत हुते. म्हटलं, तू तरी नीट बघ."

"बंद?" वहिनी म्हणाल्या. "कधीपास्नं?"

"संक्रांतीच्या आधीपास्नं."

"पण मला नीट न्हवतंच दिसत, अव्वा. रोज तसंच. चाळणीतून पीठ पडल्यावानी."

आईनं माझ्याकडे पाहिलं. टेम्पोवाला घाई करत होता. वहिनींनी आईचा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि त्या गेल्या.

त्याच संध्याकाळी मी आमचा टीव्ही लावला. वरच्या खोल्या रिकाम्या, दुसरा टीव्ही घरात नव्हताच, तरी खाली ठिपके तसेच होते. मी गच्चीवर गेलो, डबी काढली, अँटेनाची वायर सरळ खालच्या वायरीला जोडली आणि चिकटपट्टी गुंडाळली. खाली येऊन पाहिलं तर चित्र स्वच्छ होतं. म्हणजे डबी जागेवर होती तोवर ती अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे वाटतच राहिली होती. कुणी आपला टीव्ही बंद ठेवला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याला जास्त जात नव्हतं. हा प्रयोग मी नोव्हेंबरातच पाच मिनिटांत करू शकलो असतो. तेव्हा मी फक्त खर्चाची बेरीज तपासली होती.

आईला सांगू नये असं बायकोचं म्हणणं होतं. पण आईनं स्वतःच विचारलं, आणि खोटं सांगणं मला जमलं नाही.

"म्हंजी मी बंद ठेवला त्याचा तिला कायबी उपेग न्हाय झाला?"

"नाही."

"मग चार पायऱ्या चढून तिला इचारलं असतं तर बरं झालं असतं की," ती म्हणाली. पडद्यावर एक बाई कानडीत काहीतरी सांगत होती, चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता. आईनं थोडा वेळ पाहिलं आणि ती आत जाऊन पडली. नंतरही ती त्या टीव्हीसमोर फारशी बसली नाही. आषाढात मी तो मूळ किमतीपेक्षा चारशे रुपये कमी घेऊन विकला आणि आलेले पैसे सोसायटीच्या कर्जात भरले.

गुडघ्यांची सूज उतरल्यावर आईला दुधनीला न्यायचं मी ठरवलं होतं. पॅसेंजरनं जाऊन दुसऱ्या दिवशी परत येता आलं असतं. दिवाळीत नेऊ, मग उन्हाळ्यात नेऊ, असं होत राहिलं. नेणं झालं नाही.

पाइप आणि अँटेना भाडेकरूंनी आमच्याकडेच ठेवला होता. त्याचे दोनशे चाळीस रुपये ठरले होते, आणि जाताना घाईत ते द्यायचे राहिले होते. टीव्ही विकल्यावर मी मनिऑर्डरचा फॉर्म भरायला बसलो, तेव्हा आई म्हणाली, "तिच्या नावानं पाठव, दलालाच्या न्हाय."

"निरोपाच्या जागेत काय लिहू?"

"लिही, पाय बरा हाय."

पाय बरा नव्हता. मी तसं लिहिलं. दोनशे चाळीस रुपये वहिनींच्या नावे दुधनीला पाठवले, कमिशन वेगळं भरलं. बारा दिवसांनी पोच आली. तिच्यावर त्यांची कानडीतली सही होती. मला कानडी वाचता येत नव्हतं, तरी आईनं ती सही मला वाचून दाखवायला सांगितली.