निळ्या रेघेवरचा ठिपका

पुण्याहून बारामतीकडे माणूस निघतो तो कामासाठी, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मी निघाले ते मोबाइलच्या नकाशावरच्या एका लाल ठिपक्यामागे. ठिपका जाईल तिकडे जायचं, एवढंच ठरलेलं होतं.

ठिपका म्हणजे आमची गाडी आणि गाडीत माझे वडील, अण्णा. वय चौऱ्याहत्तर. सकाळी आठला उठून बघते तर अण्णांचा फोन चार्जिंगला, चपला नाहीत आणि खाली पार्किंगमध्ये गाडीची जागा रिकामी. मी तडक मोबाइल उचलला. कारण दोनच महिन्यांपूर्वी भाजी आणायला गेलेले अण्णा घरापासून दोन मिनिटांवरच्या चौकात तासभर उभे राहिले होते. आपली गल्ली कोणती, हे त्यांना आठवेना. ओळखीच्या बाईंनी घरी आणून सोडलं, तेव्हा ते हसत म्हणाले, "अगं, गर्दी फार होती." मला काही हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात मी एक उद्योग करून ठेवला. आमच्या गाडीत मधोमध एक रुंद स्क्रीन आहे. गाणी, नकाशा, फोन सगळं त्यावरच. त्या स्क्रीनला स्वतःचं सिमकार्ड आहे, आणि गाडी कुठे आहे, किती वेगात आहे, दार उघडं आहे का, पट्टा लावलाय का, हे सगळं ती गुपचूप कंपनीला कळवत असते. तिथून ते आपल्या मोबाइलवर बघता येतं. गाडी अण्णांच्या नावावर, त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर येणार होता. तो मी अण्णा आंघोळीला गेलेले असताना बघून घेतला. त्यांना काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते नको म्हणाले असते, म्हणून नाही सांगितलं.

त्या सकाळी तेच ॲप उघडलं. गाडी सासवडच्या पुढे. चालकाचा पट्टा लावलेला. एसी बंद. अण्णा एसी कधीच लावत नाहीत, म्हणजे गाडी तेच चालवत होते. मला त्या बंद एसीचाही आधार वाटला.

अर्ध्या तासात मी भाड्याच्या टॅक्सीत होते. चालक संपतराव, पन्नाशीचे, मूळचे इंदापूरकडचे. कुठे जायचं, विचारलं त्यांनी. मी मोबाइल पुढे केला आणि म्हटलं, याच्या मागे. त्यांनी आरशातून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि गाडी सुरू केली. नवऱ्याच्या मागावर निघालेली बाई समजले असणार. दिवे घाट चढताना मी त्यांना खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी लावलेलं गाणं बंद केलं आणि वेग वाढवला.

सासवड कधी गेलं, जेजुरीचा डोंगर कोणत्या बाजूला राहिला, मला विचारू नका. मी नकाशा सोडून काही पाहिलं नाही. वाटेत गाडीच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिथली मुलगी फार गोड बोलली. गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांची परवानगी असेल तरच काही करता येईल, म्हणाली. ज्यांच्या नावावर आहे तेच सापडत नाहीत, म्हटलं. तर तिने मला थांबायला सांगून गाणं लावून दिलं. मी फोन ठेवला.

नीरेला ठिपका बारामतीच्या रस्त्याला वळला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अण्णा पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते आणि नोकरीची पहिली वर्षं त्यांनी याच भागात काढली होती, माझ्या जन्माच्याही आधी. म्हादू नावाच्या कुणा पाटकऱ्याच्या (कालव्याचं पाणी पाळीपाळीने शेतात सोडणारा माणूस) गोष्टी लहानपणी जेवताना ऐकल्या होत्या. पण तो म्हादू कुठल्या गावचा, आहे की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं.

कोऱ्हाळे बुद्रुकला ठिपका थांबला. इंजिन बंद. चालकाचा दरवाजा उघडा. एक मिनिट, पाच मिनिटं, अकरा मिनिटं दरवाजा उघडाच. अकरा मिनिटं माणूस गाडीचं दार उघडं टाकून काय करतो? मी मनातल्या मनात हॉस्पिटलपर्यंत जाऊन आले. मग दरवाजा मिटला, पट्टा लागला आणि ठिपका हलला. मी संपतरावांना सांगितलं, "निघाले." तेही म्हणाले, "निघालं का? बरं झालं." दोघांनीही मोठा श्वास घेतला.

आम्ही कोऱ्हाळ्यात पोचलो तेव्हा उसाचे दिवस असल्याने रस्त्याला ट्रॉल्यांची रांग होती, आणि सगळीकडे चिरडलेल्या उसाचा गोडसर, आंबूस वास. नकाशावर जिथे ठिपका थांबला होता तिथे रसवंती होती. मालकाला विचारलं. उंच, पांढऱ्या केसांचे, चष्मा? "व्हय, आलते की. दोन गलास रस प्याले. कॅनॉलच्या भरावावरनं अजून गाडी जाती का, इचारत होते." जाते का, मी विचारलं. "मोटरसायकल जाती. चारचाकीवाला कोन जातोय तितनं?"

संपतरावांनी मलाही रसाचा ग्लास आणून दिला, आल्याचा. मी तो हातात धरला आणि मोबाइल बघितला. तेवढ्यात बारामती ओलांडून पुढे गेलेला ठिपका रस्ता सोडून बाजूला झाला होता. नकाशावर उसाच्या रानांमधून एक निळी रेघ जाते, कालव्याची. ठिपका त्या निळ्या रेघेवर होता. रेघेच्या कडेला नाही, रेघेवर. हळूहळू सरकत होता.

"संपतराव, कालव्याला पाणी असतं का आत्ता?"

त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "आवर्तन चालू हाय, ताई. भरून चाललाय कॅनॉल."

पुढच्या वीस मिनिटांत अंथुर्ण्याजवळ ठिपका थांबला. दरवाज्याची खूण नाही, पट्ट्याची नाही. खाली एक ओळ आली: गाडीशी संपर्क नाही. शेवटचा संपर्क चार मिनिटांपूर्वी. मग नऊ. मग सतरा. आणि ठिपका त्या निळ्या रेघेवर तसाच.

बारामती शहर आम्ही पार केलं ते या अवस्थेत. रुंद रस्ते होते, झाडं होती, स्वच्छ चौक होते. कुणी तिथली हवा कशी होती विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी ॲपमधलं एकेक बटण दाबून बघत होते. त्यात एक सोय सापडली. आपण एखादं ठिकाण निवडून गाडीच्या स्क्रीनवर पाठवू शकतो, म्हणजे चालकाला रस्ता शोधावा लागत नाही. ठिकाणाला हवं ते नाव देता येतं. लोक घर, ऑफिस असं देत असतील. मी अण्णांची गाडी होती तेच ठिकाण निवडलं, त्याला नाव दिलं 'अण्णा थांबा' आणि पाठवलं. उत्तर आलं: संपर्क झाल्यावर पोचेल. मी दुसरं पाठवलं. मग तिसरं. किती पाठवली हे मोजण्याच्या स्थितीत मी नव्हते.

अंथुर्ण्याजवळ कालव्याच्या पुलावर उतरले. भराव अरुंद, एका बाजूला डोक्याइतका ऊस, दुसऱ्या बाजूला काठोकाठ मातकट पाणी, आवाज न करता वाहणारं. मी भरावावरून चालत सुटले. चाकांचे माग होते, चारचाकीचे, काही ठिकाणी पाण्यापासून वीतभर अंतरावर. संपतराव माझ्या मागे होते आणि एकसारखे म्हणत होते, "आतल्या अंगानं चाला, ताई." थोडं पुढे चाकांचे माग चिखलात गोल फिरलेले होते. तिथून पुढे नव्हते. माझे पाय तिथेच थांबले. पाण्याकडे बघायचं धाडस होईना आणि नजर दुसरीकडेही वळेना.

पुढे दारवाज्यापाशी (कालव्यातून शेताकडे पाणी सोडायची लोखंडी झडप) एक बाई धुणं धूत होत्या. त्यांना मी काय विचारलं मला आठवत नाही, बहुतेक नुसतंच "गाडी?" असं काहीतरी.

"पांढरी ना? हितंच वळवली की त्येंनी," त्या म्हणाल्या. "खाली उतारलं, दारवाजा बघितला, पाण्यात हात घातला. म्हादूतात्यांचं घर इचारलं. मी सांगितलं, तात्या हितं ऱ्हात न्हाईत आता, लेकाकडं कळसला गेलं. मग गेलं तिकडं."

मी तिथेच भरावावर बसले. रडले, ते सांगायला लाज वाटत नाही. त्या बाईंनी काही न विचारता हातातलं धुणं खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसून राहिल्या.

अंथुर्णे ते कळस रस्त्यावर मोबाइलची रेंज येते-जाते. ठिपका अजून कालव्यावरच होता, म्हणून भीती पुरती गेली नव्हती. वळवली म्हणजे पोचली असं थोडंच. कळसच्या अलीकडे एका वस्तीवर विचारलं, तर म्हादूतात्यांचं घर लगेच दाखवलं. अंगणात ट्रॅक्टर भर उन्हात उभा. आमची गाडी कुठेच नाही.

आणि ओसरीवर, बाजेवर, अण्णा बसलेले. समोर ताट, ताटात बाजरीची भाकरी, ठेचा आणि वाटीत माडगं (हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ पेय). मला बघून त्यांना आश्चर्यही वाटलं नाही. "ये, वसू. हे म्हादूतात्या," म्हणाले, जणू माझीच वाट बघत होते.

गाडी कुठे आहे, हे मी विचारलं ते जवळजवळ भांडायच्या सुरात. तात्या हसले. ऐंशीच्या आसपासचा, मुंडासं बांधलेला, काटक माणूस. त्यांच्या घरात मेंढरं होती तोवर आणि आता शेती आहे तेव्हाही एक रीत आहे, पाहुण्याचं वाहन उन्हात ठेवायचं नाही. मेंढरांच्या काळात पाहुण्याचा घोडा सावलीला बांधायचे, आता ट्रॅक्टर बाहेर काढतात आणि पाहुण्याची गाडी शेडात लावतात. शेड चारी बाजूंनी आणि वरूनही पत्र्याचं, मागे कडब्याची गंजी. कालव्यावर गेलेली रेंज परत लागायच्या आत गाडी शेडात गेली होती, आणि तिच्या सिमकार्डाला त्या पत्र्याच्या पेटीत बाहेरचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मला ज्या दोन तासांनी अर्धमेलं केलं, ते दोन तास या घराने माझ्या वडिलांचा मान राखला होता.

मला जेवायला बसवलं. माडगं घशाखाली गेलं तेव्हा कळलं की सकाळपासून पोटात काहीच नाही. अण्णा हात धुवायला उठले, तेव्हा तात्या माझ्याकडे सरकून हळू म्हणाले, "पोरी, म्या साहेबांस्नी चार डाव फोनवर सांगितलं हुतं, कळसला आलोय म्हणून. तरी अंथुर्ण्याला गेले." मी मान हलवली.

निघताना तात्यांच्या मुलाने गाडी शेडातून काढून अंगणात आणली. दार उघडंच होतं. अंगणात रेंज होती. स्क्रीन उजळली आणि गाडीतली बाई बोलू लागली, तिच्या त्या यांत्रिक, तुटक मराठीत.

"नवीन ठिकाण. अण्णा थांबा."

सगळे गाडीकडे बघू लागले.

"नवीन ठिकाण. अण्णा फोन करा. नवीन ठिकाण. अण्णा गाडी उभी करा. नवीन ठिकाण. अण्णा पाण्यापासून लांब. नवीन ठिकाण. अण्णा मी येतेय."

सहा होती. मी धावत जाऊन ती बंद करू शकले असते, पण पाय उचलला नाही. शेवटचं नुसतंच 'अण्णा' होतं. पुढे लिहायला मला सुचलं नसावं. तात्यांनी मुंडाशाच्या शेवाने डोळे पुसले.

अण्णांनी वाकून ती स्क्रीन नीट बघितली. मग विचारलं, "मी कुठे आहे, हे तुला दिसत होतं?"

"हो."

"विचारलं असतंस तर मी हो म्हणालो असतो."

"नसता म्हणालात."

त्यांनी थोडा विचार केला. "नसतो म्हणालो," ते म्हणाले. गाडीची किल्ली तात्यांच्या बाजेवर पडली होती. ती त्यांनी उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. मागायला तोंडही झालं नसतं.

संपतराव त्यांच्या बहिणीला भेटायला इंदापूरकडे गेले. आम्ही दोघं परत फिरलो. वाटेत अण्णा सांगत होते, कालव्याची कुठली चारी कुठे फुटते, कुठल्या दारवाज्याला कोण पाटकरी होता. एकही नाव चुकलं नाही. घाट उतरून पुण्यात शिरलो आणि आमच्या चौकात आलो. तिथे मी मुद्दाम काही बोलले नाही. त्यांनीही उजवीकडे की डावीकडे ते सांगितलं नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिले.

त्यानंतर अण्णांनी गाडी चालवली नाही. कुणी बंदी घातली नाही, किल्ली तिच्या खिळ्यावरच असते. आता गाडी मी ऑफिसला नेते. एवढ्या काळजीत केलेल्या या प्रवासातून मी काय घेऊन आले, असं विचाराल तर नीट सांगता येणार नाही. आपलं माणूस नकाशावर दिसतं म्हणजे ते सापडलेलं असतं, असं नाही, एवढं कळलं. अण्णांनी परत आल्यावर माझ्याकडून एकच गोष्ट शिकून घेतली, ते ॲप.

मागच्या आठवड्यात सकाळी सिग्नलला उभी होते. स्क्रीन उजळली आणि ती बाई म्हणाली, "नवीन ठिकाण. वसू डबा विसरलीस."

मी शेजारच्या सीटवर पाहिलं. डबा नव्हता. गाडी वळवून परत आले तर फाटकात अण्णा उभे, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल. मान खाली घालून ते माझा ठिपका घराकडे येताना बघत होते.