श्रीलंकेची रंगीत तालीम

कुठंही न जाता प्रवासाचा शीण अंगावर वागवणारा माणूस मी माझ्या मामेसासऱ्यांखेरीज दुसरा पाहिलेला नाही. बायकोचे सख्खे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. नव्वदच्या दशकात नेरूळला आमच्याच सोसायटीत, आमच्या खालच्या मजल्यावर ते आणि मामी राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, नोकरी महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, स्टोअरकीपरची. घरातून निघाले की कारखाना, कारखान्यातून निघाले की घर, मध्ये पडलीच तर मंडई. एवढ्याशा टापूत वावरूनही संध्याकाळी दारात चपला काढताना ते असे काही हाशहुश करायचे, की हा माणूस आत्ताच विमानातून उतरलाय असं वाटावं. आणि एका अर्थी ते खरंही होतं. दिवसभरात मनातल्या मनात त्यांचं कोलंबोला दोनदा तरी जाणं-येणं झालेलं असायचं.

श्रीलंकाच का, असं मी एकदा विचारलं. मामांनी माझ्याकडं, चुकीची पावती घेऊन खिडकीशी आलेल्या माणसाकडं पाहावं तसं पाहिलं. "जावईबापू, समुद्रकिनारा पाहिजे, अभयारण्य पाहिजे आणि जुने पुराणे अवशेष पण पाहिजेत. तिन्ही आयटम एका छताखाली दुसरीकडं कुठं मिळतात सांगा." मग त्यांनी फाईल काढली. सगळ्या वकिलातींना आणि पर्यटन कचेऱ्यांना त्यांनी पत्रं लिहिली होती, आणि आलेली रंगीत माहितीपत्रकं विषयवार लावली होती. नऊ दिवसांचं वेळापत्रक तर पाठ करण्यासारखं होतं. पहाटे साडेपाचला बिबळ्या. साडेसातला नाश्ता. अनुराधापूरच्या दिवशी 'चार दहा ते चार पंचवीस : स्तूपासमोर थक्क होणे' अशी स्वतंत्र नोंद. पंधरा मिनिटांत थक्क होऊन संपेल का, असं बायकोनं विचारलं, तर म्हणाले, "आधी दहाच होती. तुझ्या मामीचा विचार करून पाच वाढवली."

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला, तेव्हा त्यानं रिवाजाप्रमाणं, "कशाला जाताय?" एवढंच विचारलं. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! मामांनी त्याला खुर्चीत बसवून पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. चौथ्या दिवशी हत्तींचे कळप येईपर्यंत त्यानं दम धरला. पाचव्या दिवशी मात्र, "साहेब, तुमी जावाच," असं म्हणून चहा अर्धा टाकून तो उठला. आमच्या सोसायटीत इतक्या लवकर कोणाचा पासपोर्ट आला नसेल.

पण या सगळ्यात एक गोम होती. मामांनी समुद्र कधी नीट पाहिलेला नव्हता, आणि मामींना पाहू दिलेला नव्हता. वाशीच्या पुलावरून दिसतं त्या पाण्याला समुद्र म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ती खाडी," ते म्हणायचे, "तो चिखल." जुहू-चौपाटीचा विषय कोणी काढला, तर, "समुद्र बघायचा तर असली बघायचा. उगाच सॅम्पल चाखून तोंडाची चव घालवायची नाही." मामींचं माहेर माण तालुक्यातलं, जिथं पाव्हण्यालाही पाणी तांब्या मोजून द्यायचे. लग्न होऊन त्या इकडं आल्या तेव्हा त्यांना एकच हौस होती, गुडघाभर समुद्रात उभं राहायची. ती त्यांनी माझ्या बायकोला एकदा सांगितली होती, तीही मेथी निवडता निवडता, आपल्या नव्हे तर दुसऱ्या कोणाच्या हौसेबद्दल बोलावं तशी. आता लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती.

आणि एका वर्षी खरोखरच सगळं जमून आलं. रजा मंजूर झाली. वाशीच्या एका एजंटाकडं जागा धरल्या. मामींनी भिशीच्या बायकांना सांगितलं. सिगिरियाच्या खडकावर साडी नेसून चढता यायचं नाही, हे वेळापत्रकात लिहिलेलंच होतं; म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवून घेतला आणि कॅनव्हासचे बूट आणले. निघण्याच्या आदल्या रविवारी मामांनी 'रंगीत तालीम' ठेवली होती. सगळा कार्यक्रम जवळपास करून पाहायचा, म्हणजे ऐन वेळी धांदल नको : अवशेषांसाठी बेलापूरचा किल्ला, अभयारण्यासाठी कर्नाळा, किनाऱ्यासाठी उरण. उरणला समुद्राकडं पाठ करून उभं राहायचं, असं पोटकलम होतं.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी एजंटाचा फोन आला. तिकडची लढाई पुन्हा पेटली होती, सहल रद्द. मामांनी फोन ठेवला, फाईल बंद केली, आणि ते तिच्यावर हात ठेवून बसले. मी माणसं रागावलेली पाहिली आहेत, रडलेलीही पाहिली आहेत. पण भरलेल्या गोदामाला आग लागल्यावर स्टोअरकीपर कसा बसत असेल, ते त्या दिवशी पाहिलं. शुक्रवारी ते जेवले नाहीत. शनिवारी मी खाली गेलो तर म्हणाले, "पंचवीस वर्षं हिला थांब म्हणालो, जावईबापू. आता काय सांगू?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एरवी फार बोलत नसत. "सांगायचं काही नाही," त्या म्हणाल्या. "उद्या सहाला निघायचंय. धपाट्यांचं पीठ भिजवलंय."

"अगं, रद्द झालं ना सगळं!"

"श्रीलंका रद्द झालीय. तालीम कुठं रद्द झालीय?"

रविवारी सकाळी मामी खाली उतरल्या तेव्हा सोसायटीचा वॉचमन उठून उभा राहिला. अंगात तो पंजाबी ड्रेस, पायात बूट, पाठीवर पिशवी. मामा त्यांच्या मागून वरातीत चुकून शिरलेल्या माणसासारखे चालत होते, आणि त्यांच्या मागं मी आणि बायको. किल्ल्याच्या बुरुजापाशी पोचल्यावर मात्र त्यांच्यातला वाटाड्या जरा जागा झाला. "हा चारेकशे वर्षांचा असेल, अनुराधापूर दोन हजार," ते म्हणाले, "पण चढताना मधला फरक पायांना कळत नाही." मामी बुरुजाचा झुडपात अडकलेला एक दगड पाहत उभ्या राहिल्या, त्या पंधरा मिनिटं उलटून गेली तरी हलेनात. कर्नाळ्याला आम्ही बिबळ्यासाठी म्हणून एक तास मुकाट बसलो. एक माकड आलं आणि धपाटं घेऊन गेलं. मामी इतक्या हसल्या की झाडावरची होती नव्हती ती पाखरं उडाली. मामांनी तक्रार केली नाही.

दोन एसट्या बदलून जासईवरून आम्ही उरणला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. किनाऱ्यावर आल्यावर मामा ठरल्याप्रमाणं पाठ करून उभे राहिले. मामींनी बूट काढले, मोजे त्यांतच कोंबून ते माझ्या बायकोच्या हातात दिले आणि सरळ चालू लागल्या. पाणी घोट्याला लागलं तशा क्षणभर थांबल्या. मग पुढं गेल्या. गुडघ्यापर्यंत.

वाळूवर सुकट आवरत बसलेली एक म्हातारी ओरडली, "बाय, पान्यान लांब जाव नको, भरती लागलीय!"

भरती म्हटल्यावर मामा गर्रकन वळले. समोर सगळा समुद्र होता. त्यांचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा मला कळलं की सॅम्पल, चव वगैरे सगळं बोलण्यापुरतं होतं. हा माणूस पाण्याला भ्यायचा. पंचवीस वर्षं भ्याला होता, आणि त्या भीतीला त्यानं परदेशात नेऊन ठेवलं होतं.

"अहो, या की!" मामींनी हाक मारली.

"मला दिसतंय इथून," मामा म्हणाले.

"दिसतंय ते मलाही दिसत होतं. या."

मामांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, घड्याळ काढून मला दिलं, आणि डोळे मिटून चालायला लागले. लाट आली तशी त्यांनी मामींचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. मामी त्यांना काही तरी सांगत होत्या. वाऱ्यामुळं आम्हाला ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळानं मामांनी डोळे उघडले.

पुढं ते श्रीलंकेला गेले नाहीत. लढाई थांबेना, मग दोन-तीन वर्षांत महाप्याचा कारखानाच बंद पडला आणि दोघं गावी परतले. आता गाठ पडते ती लग्नाकार्यात, पंगतीच्या गडबडीत, तब्येतीची विचारपूस होण्यापुरती.

त्या रविवारचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते परतताना. एसटीत मामी खिडकीशी बसल्या होत्या. बेलापूर यायच्या आत मामांच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांना झोप लागली. ड्रेसची ओली कड सीटखाली ठिबकत होती. कंडक्टरनं, "नेरूळ, नेरूळ," असा आवाज दिला तसा मी उठायला लागलो. मामांनी खांदा न हलवता मान तेवढी माझ्याकडं वळवली, ओठांवर बोट ठेवलं, आणि कंडक्टरला हळूच म्हणाले,

"मास्तर, आमची चार तिकिटं वाशीपर्यंत वाढवा."