पंच्याखालची शाळा

सांगण्यासारखं नाही, म्हणून मीच सांगतो. दुसऱ्या कोणाकडून ऐकलंत तर तो मीठमसाला लावेल. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. सतरंजी कालच धुतली आहे.

मी तांबट. कसबा पेठेत दुकान. पत्रा आणायचा, ठोकायचा, घंगाळ करायचं. शिक्षण चौथीपर्यंत. चौथीत अपूर्णांक आले आणि मी उठून घरी आलो. शाळेने बोलावलं नाही, मी गेलो नाही. दोघांचंही काही अडलं नाही.

आता देवाची थट्टा बघा. अशा घरात सून आली ती मास्तरीण. मीनल. त्यातही साधी नाही, यंत्रवाली. खडू-फळा तिला पुरत नाही.

ती नोकरीला लागली तेव्हा तिच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता. मी जाऊन बघून आलो आहे. मुलांनी चपला बाहेर काढायच्या, हात मागे बांधायचे आणि लांबून दर्शन घ्यायचं. देवळात निदान प्रसाद तरी देतात. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं झाकण. मी विचारलं, "हे झाकलेलं का?"

ती म्हणाली, "बंद आहे आप्पा. सुरू करताना काढतो."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं, तिथेच घात झाला.

पुढे हिने ते झाकण काढायला लावलं. मुलांना हात लावू दिला. हेडमास्तर म्हणाले, बिघडेल. ही म्हणाली, बिघडू दे, धूळ खाण्यापेक्षा बरं. मग प्रोजेक्टर आला. प्रोजेक्टरला पडदा नव्हता, तर माझं कोरं धोतर उचलून नेलं. त्यावर मुलांना ज्वालामुखी दाखवला. धोतर परत आलं ते चारी कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं घेऊन. ज्वालामुखी बघितलेलं धोतर पुण्यात माझ्या एकट्याकडेच असेल.

मग साथ आली, शाळांना कुलपं लागली आणि शाळा घरात आली. हिने स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीला सुतळीने फोन टांगला आणि पोळ्यांवर अपूर्णांक शिकवले. पोळीचे चार भाग, पोळीचे आठ भाग. घरात जेवायला अख्खी पोळी मिळेना. एकदा ताटात बघतो तर आठवा भाग. मी म्हणालो, "उरलेली कोणत्या इयत्तेत गेली?"

ते धडे तिने साठवून ठेवले. फोनवर कोणालाही बघता येतात म्हणे. मी म्हणालो, मुलांना उद्योग नाही आणि तुला पीठ स्वस्त झालंय.

हे सगळं मी तोंडावर बोलतो. पाठीमागे बोलायची मला सवय नाही. म्हणजे, नसावी असं माझं मत होतं.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एक वाजता दुकानावर पडदा टाकायचा. पडदा पडला की दुकानदार नाही. तो आत बसून जेवत असला, गिऱ्हाईकाला त्याचा अंगठा दिसत असला, तरी नाही. आणि पडद्याआड तो त्या गिऱ्हाईकाबद्दल काहीही बोलला तरी गिऱ्हाईकाने ते ऐकलेलं नसतं. असं दोघांनी धरून चालायचं. वाडवडिलांपासून ही रीत कोणी मोडलेली नाही. माझा पडदा एक ते चार. त्या वेळात मी झोपतो, असं घरी सांगितलेलं आहे.

तर एका संध्याकाळी मीनल ताटावर नुसती बसून राहिली.

"काय झालं?"

"कॉम्प्युटरची खोली जाणार, आप्पा. तिथे तांदळाची पोती ठेवायची म्हणतात. उद्या मोठे साहेब वर्ग बघायला येणार आहेत. त्यांना पटलं तरच राहील."

"तांदूळ मुलं खातात तरी. तुझ्या खोलीत काय शिजतं?"

एरवी ती उत्तर देते. त्या दिवशी दिलं नाही. सून गप्प बसली की मला अन्न गोड लागत नाही, हे तिला कळू देत नाही. म्हणालो, "माझ्याकडे काही काम आहे का, ते बोल."

काम होतं. ती वर्गातून मला फोन लावणार. मुलं मोठ्या पडद्यावर माझं दुकान बघणार. कोकणातल्या कुठल्या एका शाळेतली मुलंही त्याच वेळी बघणार. मी घंगाळ ठोकायचं आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची.

"मुलांना इकडेच घेऊन ये. चालत किती लांब आहे?"

"कोकणातून?" ती म्हणाली. हसली मात्र.

सकाळी शाळेत जाताना तिने माझा फोन एका तपेल्याला टेकवून उभा केला आणि बजावलं, "आप्पा, याला अजिबात हात लावायचा नाही. सगळं मी तिकडून करीन."

"मला काय हौस आहे?"

मी काळी टोपी घातली. ठोकताना मी टोपी घालत नाही, पण कोकणाला काय माहीत.

फोन आला. वर्ग दिसला. मुलं, मीनल, हेडमास्तर आणि खुर्चीत टाय लावलेले साहेब. मी घंगाळ ठोकलं. मुलं बघत होती. दोन वेण्यांची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आजोबा, ठोके एकसारखे कसे पडतात?"

"बोलण्यात लक्ष नसलं की पडतात. बस खाली."

ती बसली. इथपर्यंत बरं चाललं होतं. मग साहेबांनी तोंड उघडलं.

"काका, आपल्या मते या इंटरनेटचा शिक्षणात उपयोग आहे का?"

मीनल माझ्याकडे बघत होती. 'हो' एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. पण समोर टायवाला. त्याने विचारायचं आणि चौथी सोडलेल्याने मान डोलवायची? मी म्हणालो, "पत्र्याला ठोका लागतो साहेब. इंटरनेटने पोचा निघत नाही. मुलांनी पाढे म्हणावेत."

साहेबांनी मान डोलवली. मीनलची मान खाली गेली. पोती मला दिसायला लागली.

ती सावरून म्हणाली, "आप्पा, जरा थांबा हं. मुलं गटात बसून प्रश्न काढतील, मग परत तुमच्याकडे येते."

थांबा म्हणजे दुकान बंद. फोनला हात लावायची बंदी. मग शहाण्या माणसाने काय करावं? मी खांद्यावरचा पंचा काढला आणि फोनवर टाकला. झाकलं की बंद. तिच्या शाळेतच शिकलो होतो.

तेवढ्यात शेजारचा रफिक आत आला. रफिक कुलपं दुरुस्त करतो. लोकांची तोंडं उघडण्यातही तरबेज आहे.

"आप्पा, सुनेची खोली घालवलीत तुम्ही."

"तू कुठे होतास?"

"दारातच. सगळं ऐकलं. असं कसं बोललात साहेबांना?"

"खरं तेच बोललो."

"खरं? मग रोज दुपारी तुमच्या पडद्याआडून कोणाचा आवाज येतो? 'बाळांनो, आता पोळीचे आठ भाग करू या.' तुम्ही पोळ्या लाटता काय?"

मी फोनकडे बघितलं. पंचा जागेवर होता. तरी म्हणालो, "हळू बोल."

"झाकलाय की. बोला आता."

झाकलेलाच होता. आणि झाकलं की आमच्याकडे माणूस मोकळा होतो. मी झालो.

"अरे, त्या टायवाल्याला सांगू का, या वयात सुनेचे धडे गिरवतो म्हणून? चौथीत मास्तरांनी अपूर्णांक सांगितले ते डोक्यावरून गेले. पुन्हा विचारलं तर छडी. ही पोरगी सांगते, मला कळत नाही. मी फोनवर धडा मागे नेतो, ती पुन्हा सांगते. शंभरदा नेलं तरी तोच आवाज, कपाळाला आठी नाही. अख्ख्या पेठेत असं शिकवणारं कोणी झालं नाही. आणि हा साहेब विचारतो, उपयोग आहे का. घंगाळासारखं तोंड आणि आत तेवढंच पोकळ. याला ठोकायला माझ्याकडे आणा म्हणावं."

"मग सुनेला सांगा की हे एकदा."

"सांगितलं तर डोक्यावर बसेल."

पंचा हसला.

रफिकने माझ्याकडे बघितलं, मी रफिककडे. आमच्यापैकी कोणी हसलेलं नव्हतं. पंचा पुन्हा हसला. आधी पुण्याचा हसला, मग कोकणचा. पुण्यात झाकलेली लाज कोकणात जाऊन उघडी पडते, हा इंटरनेटचा उपयोग साहेबांना मी सांगायला हवा होता.

पंचा उचलला. मुलं बाकांवर आडवी झाली होती. साहेब रुमालाने तोंड पुसत होते. ते घंगाळासारखं आहे की नाही, हे मी पुन्हा बघितलं नाही. मीनल फळ्याकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती का रडत होती, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

मी म्हणालो, "आमच्या गल्लीत झाकल्यावर ऐकायची पद्धत नाही."

कोणी ऐकलं नाही. दोन वेण्यांची उभी राहिली. मघाशी मी तिला बसवलं होतं, ते तिच्या लक्षात असावं.

"आजोबा, मग सांगा. तीन छेद चार अधिक एक छेद आठ, किती?"

माघार घ्यायची? समोर दोन शाळा, एक साहेब, मागे रफिक. मी टोपी सारखी केली. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले.

"चार छेद बारा."

"चूक!" दोन्ही शाळा एका सुरात. एवढ्या मुलांना एकदम एवढा आनंद मी दिवाळीतही दिलेला नाही.

मीनल वळली. डोळे पुसले आणि धड्यातल्याच आवाजात म्हणाली, "आप्पा, पाऊण किलो पत्र्यात अदपाव घातला तर?"

"किलोला अदपाव कमी. हे काय विचारणं झालं? तराजूवर झोपेत सांगतो."

"तिने तेच विचारलं होतं. अदपाव म्हणजे एक छेद आठ."

मी हातोडा उचलला. ठोकायला काही नव्हतं, खाली ठेवला.

साहेब उठले. आता पोती येणार, हे मला स्पष्ट दिसलं. ते हेडमास्तरांकडे वळून म्हणाले, "तांदूळ दुसरीकडे ठेवा. ही खोली राहू द्या. या बाईंचा एक विद्यार्थी अजून कच्चा आहे."

तर खोली राहिली. ती माझ्यामुळे राहिली, हे मी पेठेत सगळ्यांना सांगतो. कशी राहिली, ते रफिक सांगतो.