आधी बरे व्हा

मॅडमचा बाहेर दवाखाना नव्हता, कुठे नावाची पाटीही नव्हती. त्या रुग्णालयाच्या डॉक्टर. माणूस मेडिसिन वॉर्डात भरती झाला की तो त्यांचा, आणि घरी गेला की पुन्हा त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांचा. मधल्या काळातलं सगळं मॅडमच्या गळ्यात. हृदयाचे डॉक्टर येऊन हृदय बघून जायचे, किडनीचे किडनी बघून जायचे, सर्जन तर दारातूनच मान हलवायचे. या सगळ्यांनी लिहिलेल्या औषधांचं एकमेकांशी पटतंय का, आणि त्या औषधांखाली जो माणूस पडलाय त्याला नेमकं काय होतंय, हे बघणं मॅडमचं काम.

राउंडला त्या उभ्याने बोलायच्या नाहीत. खाटेखालचं लोखंडी स्टूल पायाने बाहेर ओढायचं, त्यावर बसायचं, आणि आधी पेशंटला विचारायचं, "झोप लागली का?" रिपोर्ट नंतर. वॉर्डात त्यांना स्टूलवाल्या मॅडम म्हणत. नातेवाइकांना मात्र त्या डॉक्टर वाटायच्याच नाहीत. त्यांच्याशी तासभर बोलून झाल्यावर कुणीतरी हमखास सिस्टरना विचारायचं, "मोठे डॉक्टर कधी येणार?"

"येऊन गेले," सिस्टर गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. "आत्ता तुमच्यासमोर स्टूलवर बसले होते."

मॅडमचा एकच हट्ट होता. पेशंटने विचारलं तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे आणि ते खरं असलं पाहिजे. कॉरिडॉरमध्ये गाठून कुजबुजणाऱ्या मुलांना, जावयांना, सुनांना त्या सरळ आत घेऊन यायच्या. "त्यांच्या पोटाबद्दल बोलायचंय ना? मग त्यांच्यासमोर बोलू." लोक आधी दचकायचे. पण एकदा बोलणं झालं की खोलीतली हवा बदलायची, रडारड व्हायची, आणि मग कुणीतरी उशी नीट करायचं. मॅडमना वाटायचं, हेच बरोबर.

हा हट्ट त्यांच्या वडिलांच्या आजारपणात ढिला पडला. वडिलांना काय झालंय ते मॅडमनीच त्यांना सांगितलं, इतरांना सांगत तसंच, समोर बसून, हात धरून. वडिलांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि कूस बदलली. त्यानंतर ते जवळजवळ बोललेच नाहीत. रेडिओ लावणं बंद, वर्तमानपत्र बंद. ताट यायचं तसं परत जायचं. ते गेल्यावर आई मॅडमना एकदाच म्हणाली, पण म्हणाली. "तू डॉक्टर म्हणून सांगितलंस गं. लेक म्हणून गप्प बसली असतीस तर चार दिवस हसून गेले असते."

मॅडम कामावर परत आल्या. स्टूल तेच, राउंड तोच. पण कुणी "मला काय झालंय?" असं विचारलं की आता त्यांची जीभ क्षणभर अडखळायची. तो क्षण दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायचा नाही. त्यांच्या यायचा.

अशा दिवसांत पेंटर भरती झाला.

दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. डोळे, नखं, तळवे हळदीसारखे पिवळे झालेले, अंगाला कंड सुटलेली, आणि कपडे असे सैल की मोठ्या भावाचे घातलेत असं वाटावं. सोबत त्याची लेक होती, शाळेत शिकवणारी, एकुलती एक. आई नव्हती.

पहिल्याच सकाळी मॅडम स्टूल ओढून बसल्या तर पेंटरनेच बोलायला सुरुवात केली.

"मॅडम, तो समोरचा बोर्ड कुणी लिहिलाय हो?"

भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं होतं. "का? काय झालं?"

"'रा' आणि 'खा' मध्ये केवढी ती मोकळी जागा! भुकेला माणूस नुसतं 'खा' वाचेल. ब्रश आणून द्या, बसल्या बसल्या दुरुस्त करतो."

"आधी तुमची दुरुस्ती करू," मॅडम म्हणाल्या, आणि सगळा वॉर्ड हसला.

तपासण्या झाल्या. स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी तो दोनदा वाचला. स्वादुपिंडाला गाठ होती. तिने पित्ताची वाट दाबून धरली होती, म्हणून कावीळ. आणि गाठीचे ठिपके यकृतभर पसरले होते. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. पित्ताच्या वाटेत एक नळी बसवली तर कावीळ उतरेल, कंड थांबेल, काही महिने बरे जातील. त्यापलीकडे काही नव्हतं.

लेक कॉरिडॉरमध्येच आडवी आली. तिला रिपोर्ट कळला होता.

"बाबांना सांगू नका."

"त्यांनी विचारलं तर?"

"ते नाही विचारणार. विचारलं तर नुसती कावीळ म्हणा. मॅडम, मी ओळखते त्यांना. खूप हसरे दिसतात ना? आई गेली तेव्हा महिनाभर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही त्यांनी. हे ऐकलं तर ते इथेच भिंतीकडे तोंड करून पडतील. घरी नेते, चार घास खाऊ दे, मग मी सांगते. माझी मी सांगते."

एरवी मॅडमनी तिला दंडाला धरून आत नेलं असतं. पण 'भिंतीकडे तोंड करून' हे शब्द त्यांना लागले. समोर उभी असलेली मुलगी तेच मागत होती जे आईच्या मते त्यांनी स्वतः करायला हवं होतं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर सांगा. पण सांगा."

लेकीने त्यांचे दोन्ही हात धरले.

नळी बसवायच्या आदल्या दिवशी मॅडम राउंडला गेल्या तेव्हा पेंटर उशाला टेकून बसला होता. लेक औषधं आणायला खाली गेली होती. मॅडम उठणार एवढ्यात तो म्हणाला, "बसा जरा. एक विचारायचंय, माझ्या तब्येतीचं नाही."

त्या बसल्या.

"मला एक धाकटा भाऊ आहे. आम्ही दोघं मिळून दुकान चालवायचो. तो फळी कापणार, चौकट करणार, शिडी लावून बोर्ड चढवणार. मी लिहिणार. छान चाललं होतं. मग बाजारात मशीनवर छापलेले बोर्ड आले. एका दिवसात बोर्ड, तोही फोटोसकट. धाकट्याने मला न सांगता तसं मशीन बुक केलं. मला गिऱ्हाइकाकडून कळलं हो! डोकं फिरलं. म्हटलं, माझ्या हाताला मशीनचा पर्याय शोधलास ना, आता माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. त्याने नाही ठेवलं. तसा शब्दाचा पक्का आहे." पेंटर हसला आणि लगेच गंभीर झाला. "आता हात थरथरतो. सरळ रेघ निघत नाही. खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं. पुढचं त्याला दिसलं, मला नाही."

"मग?"

"मग असं, की लेक म्हणते काकाला फोन करू का. मी नको म्हटलं. दार मी बंद केलंय, उघडायलाही मीच जायला हवं. असं आडवं पडून बोलावलं तर तो येईल, पण दया येऊन येईल. मला तसं नकोय. मला दोन पायांवर त्याच्या दुकानात जायचंय, त्याच्या त्या मशीनसमोर उभं राहायचंय आणि म्हणायचंय, दाखव बाबा, कसं चालतं." त्याने मॅडमकडे बघितलं. पिवळे डोळे, पण नजर अगदी सरळ. "म्हणून तुम्हाला विचारतो. घरी जाऊन, जरा ताकद आल्यावर जाऊ, की आत्ताच बोलवून घेऊ? तुम्ही सांगाल तसं करतो."

म्हणाला होता तब्येतीचं नाही, पण हाच तो प्रश्न होता. ज्याला खरं उत्तर मिळालंच पाहिजे असं मॅडम जन्मभर म्हणत आल्या होत्या, तो. उद्या नळी बसवण्यातही धोका आहे, तिथून जंतू रक्तात जाऊ शकतात, हे त्यांना माहीत होतं. दुसरं काही सांगायचीही गरज नव्हती. "आत्ता बोलवा" एवढे दोन शब्द पुरले असते. पण ते दोन शब्द म्हटले की तो पुढचं विचारणार. का? घरी जाणार नाही का मी? आणि मग भिंत.

"आधी बरे व्हा," मॅडम म्हणाल्या. "अंगात ताकद येऊ द्या. मग ऐटीत जा."

"हां!" तो खूश झाला. "ऐटीत. असंच म्हणतो मी."

नळी नीट बसली. दोन दिवसांत डोळ्यांचा पिवळेपणा उतरू लागला. पेंटरने लेकीकडून आरसा मागून घेतला आणि म्हणाला, रंग उडतोय, आता पुन्हा एक हात मारावा लागणार. घरी जायची तयारी सुरू होती. त्याच दिवशी दुपारी त्याला थंडी भरून आली, दात वाजू लागले. मॅडम धावत आल्या. रक्तदाब घसरत होता. पित्तातले जंतू रक्तात गेले होते. संध्याकाळपर्यंत तो आयसीयूत होता, नाकातोंडात नळ्या, शुद्ध हरपलेली. मॅडमनी जे जे करता येईल ते सगळं केलं, आणि त्यात कुठेही चूक नव्हती. ही गोष्ट नंतर सगळ्यांनी त्यांना सांगितली. जणू त्यांना तेच विचारायचं होतं.

लेकीने काकाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, कामाच्या कपड्यांतच. आयसीयूच्या दाराशी चपला काढायच्या की घालून जायचं, हे त्याला कळेना. आत गेला, मशीनचे आवाज ऐकत खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला, मग वाकून म्हणाला, "दादा. मी आलोय रे." श्वासाचं मशीन आपल्या तालात चालू राहिलं. तो पुन्हा म्हणाला. मग पायांवरून हात फिरवत बसला.

पेंटर त्याच्या पुढच्या सकाळी गेला.

नातेवाइकांच्या खोलीत मॅडम दोघांसमोर बसल्या. लेकीने डोळ्यांना पदर लावला होता. धाकटा कोरड्या डोळ्यांनी बसला होता.

"इतके दिवस इथे होता," तो म्हणाला. "माझ्याबद्दल काही बोलला का?"

"बोलले." मॅडमनी सगळं सांगितलं. दुकानात यायचं होतं, मशीनसमोर उभं राहायचं होतं, तुमचंच बरोबर होतं म्हणाले.

 तो साधा माणूस असला तरी हिशोब जुळवणारा होता. "एवढं मनात होतं तर बोलावलं का नाही? मी धावत आलो असतो."

लेकीने चमकून वर बघितलं. मॅडमनी तिच्याकडे बघितलं नाही.

"त्यांनी मला विचारलं होतं, आत्ता बोलवू की बरा झाल्यावर जाऊ. मी म्हटलं, आधी बरे व्हा."

"तुम्हाला माहीत होतं की तो बरा होणार नाही?"

"हो."

"आणि त्याला?"

"नव्हतं. मी सांगितलं नाही."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.  तो हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे त्याने प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता." आणि उठून बाहेर गेला.

मॅडमनी त्यानंतर नोकरी सोडली नाही की कुठली शपथ घेतली नाही. फक्त एक गोष्ट बदलली. भरती झालेल्या माणसाला त्या आता पहिल्याच दिवशी, रिपोर्ट यायच्या आधी, विचारतात, "तुमच्याबद्दल जे कळेल ते तुम्हाला सांगू, की घरच्यांपैकी कुणाला? आणि कुणाला भेटायचं राहिलंय का?" काही जण म्हणतात, सगळं मला सांगा. एक आजी म्हणाल्या, "मला नको बाई, माझ्या थोरल्याला सांग, मी झोपते." दोन्ही उत्तरं मॅडमना चालतात. हा प्रश्न आधी का सुचला नाही, वडिलांच्या वेळी का नाही, पेंटरच्या वेळी का नाही, हे मात्र त्या स्वतःला विचारत राहतात.

शाळेच्या सुट्टीत एकदा पेंटरची लेक वॉर्डात आली. मॅडम तिला कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या. चहा आला. तिने कपाला हात लावला नाही.

"तुम्ही काकांना माझं नाव सांगितलं नाहीत," ती म्हणाली. "बाबांना सांगू नका असं मी म्हटलं होतं, ते."

"बाबांनी प्रश्न मला विचारला होता. तुम्हाला नाही."

"मी काकांना सांगितलं नंतर. मीच मॅडमना थांबवलं होतं, असं."

"मग?"

"म्हणाले, 'दोघींनी मिळून.' एवढंच." तिने कप फिरवला. "फोन उचलतात. हो-नाही बोलतात. घरी मात्र येत नाहीत. मीच गेले होते एकदा त्यांच्या दुकानात. त्यांनी मशीन बंद केलं, मी निघेपर्यंत चालू केलं नाही."

मॅडमनी आपला कप बाजूला सरकवला.

"खरं सांगा मॅडम. आपण बाबांना सांगितलं असतं तर ते खचले असते का?"

सोपं उत्तर दोन्ही बाजूंनी तयार होतं, आणि कुठलंही दिलं असतं तरी ती मुलगी थोडी हलकी होऊन घरी गेली असती.

"मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "कदाचित खचले असते. कदाचित खचून, मग दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला असता. त्यांना संधीच मिळाली नाही, त्यामुळे आता कळायला मार्ग नाही."

लेकीने मान हलवली. चहावर साय धरली होती. तिची बसची वेळ झाली होती, तरी ती लगेच उठली नाही. मॅडमही उठल्या नाहीत.