पट्टी सुटल्यावर

नागपूर स्टेशनाबाहेर संत्र्यांच्या पेट्यांच्या आडोशाला हमाल शेकत बसले होते. थंडी पुण्यालाही पडते, पण इथली थंडी स्वेटरच्या आत शिरत होती. वृत्तपत्राने मला संत्र्याच्या हंगामावर लिहायला पाठवले होते, म्हणून सामान लॉजवर टाकून काटोलची बस धरली.

काटोलचा बाजार उन्हात चमकत होता. आडत्याने एक संत्रे सोलून हातावर ठेवले. रस मनगटापर्यंत ओघळला. भाव विचारता विचारता एका पेटीला हात टेकला आणि तिच्या पत्र्याच्या पट्टीने अंगठा चिरला. आडत्याने जखमेवर पाणी ओतले, रुमाल बांधला.

"नागपूरलेच परत जाऊन राहिले न? मंग बर्डीवर वामनभाऊच्या दुकानात जा. वरतं डॉक्टर हाय, खालतं वामनभाऊ. सुई, पट्टी सारं तिथंच होते."

बर्डी म्हणजे सीताबर्डी, शहराचा मुख्य बाजार. संध्याकाळी ते औषधांचे दुकान सापडले. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली. खाली वामनराव, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेले. त्यांनी काउंटरमागच्या स्टुलावर बसवले, सुई दिली, जखम धुतली आणि पट्टी बांधली. कापूस आणि औषधाचे पैसे घेतले.

"आणि पट्टी बांधल्याचे?"

"ते बरं झाल्यावर."

"किती?"

"तुमचं तुम्ही ठरवा. पण बरं झाल्यावर. त्याच्या आधी मी घेत नाही."

समोरच्या दुकानात दरांची पाटी होती : सुईचे इतके, मलमपट्टीचे इतके. इथे पाटी नव्हती. शेल्फवर औषधांच्या शेजारी तीळ, वाळलेली मिरची, तुरीच्या डाळीची पिशवी ठेवलेली होती. ज्यांचे बरे झाले, त्यांनी आणून दिलेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी बदलायला गेलो, तेव्हा खापरखेड्याच्या बसमधून एक जोडपे आले. नवरा किसनभाऊ, तिथल्या वीजकेंद्रात कामाला. बायको कौसाबाई. तिच्या डाव्या टाचेला फडके गुंडाळलेले होते. उजवी चप्पल पायात, डावी नवऱ्याच्या हातात. साखरेच्या आजाराने टाचेची जखम चिघळली होती. नीट निगा राहिली नाही तर पाय कापावा लागेल, असे मोठ्या दवाखान्यात सांगितले होते. वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली एक दिवसाआड पट्टी इथे होत असे.

आज तिने काउंटरवर एक टोपली ठेवली. वरचे फडके बाजूला केले. आत सरगुंडे (गव्हाच्या पिठाचे काडीवर वळून वाळवलेले वेटोळे) होते, एकसारखे, बारीक.

वामनरावांचा हात थांबला. "हे काहून आणलं वं माय?"

"झालं न आता बरं. द्या पट्टी सोडून."

"पाय दाखव आधी."

"पाय माहा हाय. मले मालूम नाही का?"

"तुहा पाय तुले दिसते कुठं? टाच मागं असते."

किसनभाऊ हसला. कौसाबाई हसली नाही. तरी स्टुलावर बसली. फडके सुटले. वामनरावांनी खाली वाकून बराच वेळ पाहिले. जखमेच्या कडा भरत होत्या. मध्यभाग अजून ओला होता.

"नाही झालं."

तिचा चेहरा उतरला. "पोरीचं बाळंतपण हाय काटोलले. मी इथं येत बसू का तिचं पाहू? लंगडी माय कोणाले पाहिजे?"

"जा न. पोरीकडं जा. काटोलहून बस येते. एक दिवसाआड इथं यायचं, बाकी तिथं बसून पाहायचं." त्यांनी नवी पट्टी बांधली, गाठ मारली आणि टोपली किसनभाऊकडे सरकवली. "हे घरी ने गा. आज घेतले तर मले पट्टी सोडा लागते."

"वा रे वा! येतानी बी टोपली मांडीवर, जातानी बी मांडीवर," किसनभाऊ म्हणाला. "कंडक्टर म्हणन, हा मानूस सरगुंडे फिरवाले निघाला."

आता कौसाबाईही हसली. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पायरी उतरली.

"समोरच्यासारखा दर का लावत नाही?" मी विचारले.

वामनराव हात धूत होते. "दर लावला तर पट्टी जितके दिवस, तितकी कमाई. मंग मले लवकर बरं करावंसं वाटन का? सांगता येत नाही. आपल्या मनाचा काय भरवसा?"

"आणि जे बरे होत नाहीत?"

त्यांनी टॉवेल खुंटीला लावला. "त्यांच्याकडून काय घ्याचं?"

निघण्याच्या दिवशी संत्र्यांची पिशवी घेऊन दुकानात गेलो. त्यांनी अंगठा दाबून पाहिला. मी ओठ आवळले. संत्री माझ्याबरोबर पुण्याला आली.

उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी पुन्हा नागपूर गाठले. बरोबर पुरंदरचे अंजीर होते, रात्रभर मांडीवर सांभाळलेले. तरी खालचा थर चेपलाच. दुपारी बर्डीवरचा रस्ता ओस पडला होता. दुकानाच्या दाराला वाळ्याची ताटी लावली होती. वामनरावांनी अंजिरांकडे पाहिले नाही. आधी अंगठा मागितला, दाबला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिले.

"आता द्या."

मग एक चेपलेले अंजीर तोंडात टाकून त्यांनी शेल्फवरचा डबा काढला. ओळखीचे वेटोळे होते, एकसारखे, बारीक. मूठभर कागदात बांधून त्यांनी माझ्या हातात दिले.

"किसनभाऊ देऊन गेले?"

"नाही जी. तीच आली होती, नातवाले कडेवर घेऊन."

"आणि पाय?"

"मी पायरीकडंच पाहून राहिलो होतो," वामनराव म्हणाले. "दोन्ही चपला पायात होत्या."

परतीच्या गाडीत पुडी मांडीवर होती. नागपुरात एका पट्टीचे किती देतात, हे अजून सांगता येत नाही. केव्हा देतात, ते मात्र ठाऊक झाले आहे.