पूजेतून काढलेली सायकल

सिंधूला राग लई येतो म्हणून गावात तिची बदनामी हाय. पायानं लंगडी, पण जिभेनं पळते, असं पारावरचे लोक म्हणतात. ज्यांची हयात पारावर बसून गेली, ते दुसऱ्याच्या पायाबद्दल बोलतात.

तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. गेला म्हणजे हाय जागेवर, पण वाळल्या काठीसारखा. लोटला तर जातो, सोडला तर पडतो. नवरा दयानंद हैदराबादेत सेंट्रिंगच्या कामावर. घरात सासू, धाकटा दीर सुदर्शन आणि सिंधूची शिलाई मशीन. उमरीत उमादेवीचं टेलरिंगचं दुकान हाय, तिथले ब्लाउज ही घरी शिवते. कापड आणायचं, शिवलेलं पोचवायचं. गावाला बस न्हाई. म्हणजे सुदर्शनच्या मोटरसायकलवर मागं बसायचं, अन् त्याचा पत्त्याचा डाव संपला की निघायचं. वाटंत कुणी भेटलं की तो ओरडून सांगणार, वैनीचं पार्सल टाकून येतो. त्याच्यापायी दोनदा माल उशिरा गेला. दसऱ्याचे ब्लाउज नवमीला हातात पडले न्हाईत तर पुढचं काम दुसरीला देते, असं उमादेवीनं तोंडावर सांगितलं.

तिला सरकारी तीनचाकी बी मिळाली होती, हातानं फिरवायची. मांडव, हार, फोटो, सगळं झालं. वाटणाऱ्यांनी आमचा रस्ता मात्र बघितला नव्हता. मागची दोन चाकं बैलगाडीच्या चाकोरीला जुळायची न्हाईत अन् पुढचं मधल्या उंचवट्यावर चढून बसायचं. पाऊस झाला की काळी माती चाकं अशी धरायची की गाडी जागची हलत नव्हती. शेवटी गोठ्यात तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या.

उन्हाळ्यात एक दिवस सुदर्शननं तिला फाट्यावरच उतरवलं. दोस्त थांबलेत म्हणाला अन् गेला. कापडाचं गाठोडं डोक्यावर, हातात काठी, अशी ती भर उन्हात घरापतुर आली. पाणी बी पिली न्हाई. गोठ्यात गेली, कोंबड्या हुसकल्या अन् पाना घेऊन तीनचाकी खोलायला बसली.

सासूनं डोक्याला हात लावला. सरकारी चीज मोडली तर पोलीस धरून नेतील म्हणाली.

"नेऊ द्या की आत्या. तेवढंच गाडीत बसणं व्हईल."

तीनचाकीची चेन, ब्रेक अन् गादी निघाली. पुतणी आरतीला शाळेत मिळालेली लेडीज सायकल पुढचं चाक धरणारा चिमटा मोडून पडली होती, तिचा सांगाडा अन् चाकं घेतली. सासऱ्याच्या जुन्या सायकलचा चिमटा अन् कॅरिअर काढलं. चिमटा दोन बोटं लांब निघाला, म्हणून ही सायकल कायम नाक वर करून उभी. मडगार्ड बसवलेच न्हाईत, चिखल अडकतो. सीट इतकी खाली घेतली की उजवा पाय सपाट टेकावा.

खरी अडचण पायडलची. एका पायानं दाबलं तर ते खाली जाईल, वर कोण आणणार? मागच्या चाकाचं फ्रीव्हील घेऊन ती ट्रॉल्या वेल्डिंग करणाऱ्या गुंडप्पाकडं गेली. हे जाम करा म्हणाली. म्हणजे चाक फिरंल तोवर पायडल फिरत राहील अन् डाव्या पायाला बी ओढून नेईल. डाव्या पायडलवर पाऊल धरायला तिनं ट्यूबचा पट्टा ठोकला होता.

"ताई, उतारावर बी पाय थांबायचा न्हाई," गुंडप्पा म्हणाला.

"नगं थांबू दे. लई वर्सं बसून हाय त्यो."

खळ्यात शिकली. पडली, कोपरं सोलली. बघायला येणाऱ्यांना शिव्या दिल्या, मग परत चढली.

नवमीच्या आदल्या दिवशी ब्लाउजचं गाठोडं तयार झालं. सुदर्शन गाडी घेऊन दिवसभर नायगावला. उद्या पूजेच्या आधी सोडतो, असा त्याचा निरोप आला. सकाळी उठली तर अंगणात पूजा मांडलेली. मोटरसायकल धुऊन, हार घालून उभी. पुढं विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप, शिलाई मशीन. आमच्याकडं एकदा हळद-कुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपतुर त्या चीजेला कुणी हात लावत न्हाई. गावातले टमटम बी असेच हार घालून उभे.

सिंधूनं सायकल पुसली अन् रांगेत आणून लावली. सुदर्शननं हँडल धरून ती बाहेर ओढली अन् उकिरड्याच्या भिंतीला टेकवली.

"वैनी, भंगाराला कुंकू लावत न्हाईत. ही पूजेत न्हाई बसायची."

सिंधूनं त्याच्याकडं बघितलं. "ही पूजेत न्हाई?"

"न्हाई म्हणलं ना."

"आत्या, ऐकलं ना तुम्ही?"

सासूनं मान हलवली. सिंधू आत गेली, गाठोडं आणलं अन् कॅरिअरला करकचून बांधायला लागली. तवा सुदर्शनच्या डोक्यात उजेड पडला. आजच्या दिवशी वाहन काढू नये, लोक काय म्हणतील, असं तो बडबडायला लागला.

"पूजेतलं काढत न्हाईत, भावजी. ही तुम्हीच बाहेर काढली."

पट्ट्यात पाऊल घातलं, ओट्याला रेटा दिला अन् गेली. मोटरसायकल काढता आली असती तर तो आडवा गेला असता. पण आई समोर उभी अन् गाडीला हार. पारावरचे उठून उभे राहिले. सिंधूनं कुणाकडं बघितलं न्हाई. उमरीत उमादेवीनं गाठोडं मोजून घेतलं अन् दिवाळीचं कापड तिच्यापुढं टाकलं.

दिवस मावळायला ती परत आली तर सुदर्शन दारात. दसऱ्याला सायकललाही कुंकू लावू म्हणाला, उगी लोक नावं ठेवायला नकोत.

"कुंकू लावू नका. अन् हात बी लावू नका."

पुढच्या नवमीला सासूनं आपण होऊन रांगेत मोटरसायकलच्या शेजारी सायकलसाठी जागा सोडली, रांगोळी बी काढली. सिंधू तवर उमरीच्या वाटंला लागली होती. दुपारपतुर त्या रांगोळीवर कोंबड्या फिरत होत्या.