तुळशीखालचं बोअर

अयोध्या नगरातल्या त्या चार मजली इमारतीच्या तळघरात कांचन अकरा वर्षं शिवणवर्ग चालवतेय. नवऱ्याच्या सरकारी बदलीबरोबर नागपूरहून आली आणि चौदा मशिनी घेऊन तिथंच ठाण मांडून बसली. यंदा ऐन मे महिन्यात फरशीच्या सांध्यांतून पाणी यायला लागलं. रोज सकाळी आधी ते पाणी बादल्यांनी उपसायचं, मग सुईत दोरा ओवायचा.

सोसायटीचे सेक्रेटरी विलासभाऊ पँट गुडघ्यापर्यंत दुमडून खाली उतरले. "महिनाअखेर तळघर रिकामं करा, कांचनताई. सील करून टाकू. झंझटच नको."

"भाऊ, गिलावा दोनदा केलात, टाकी तपासलीत, पाइप तपासलेत. पाणी वरून नाही, खालून येतंय."

"खालून? मे महिन्यात?"

"नळाला नर्मदेचं पाणी आलं, आपण पेढे वाटले आणि बोअर बंद केलं. अख्ख्या गल्लीनं केलं. उपसा थांबल्यावर पाणी चढणारच ना? समोरच्यांचं बोअर बागेसाठी चालू आहे. त्यांचं तळघरातलं पार्किंग बघून या जरा."

भाऊ बघून आले. पार्किंग कोरडं ठणठणीत होतं. आपलंही बोअर उघडायचं ठरलं. पण त्यावर सोसायटीनं हौसेनं तुळशीवृंदावन बांधलं होतं, आणि पहिल्या मजल्यावरच्या प्रमिलाकाकू तिथं रोज दिवा लावत.

"हात तर लावून दाखव!" काकू पदर खोचून उभ्या राहिल्या.

"मोडणार नाही हो, हलवणार," कांचन म्हणाली. "जागा तुम्ही दाखवा, मंत्र तुम्ही म्हणा. कुदळ माझी."

"आणि खाली काही निघालं नाही तर?"

"तर मशिनी उचलते आणि जाते. कुणी सांगायचीही गरज नाही."

काकूंनी खोचलेला पदर सोडला. मग म्हणाल्या, "कुंपणाकडे ऊन छान येतं. तिकडे ठेव."

वृंदावन कुंपणाकडे गेलं, बोअरचं झाकण फुटलं. कांचननं दर फुटाला गाठ मारलेली दोरी कात्री बांधून आत सोडली. आठव्या गाठीला डुबुक!

"बंद केलं तेव्हा पाणी किती फुटांवर होतं, भाऊ?"

भाऊंनी जुनी फाइल उलटली. आवाज खाली आला. "ऐंशी."

"अगं बाई!" काकू दोन पावलं मागे सरल्या. "तळ्यावरच बसलोय की आपण!"

मोटर बसली. पाणी बागेला आणि फ्लशच्या टाक्यांना जाऊ लागलं. रोज चार तास उपसा, सुट्टी नाही, हे कांचननं सोसायटीच्या बैठकीत लिहूनच घेतलं. तिसऱ्या आठवड्यात फरशी वाळली. उत्तरेचा कोपरा तेवढा ओला राहिला.

"तेवढा भाग तरी सील करू?" भाऊंनी विचारलं.

"त्या अंगाला दोन बिल्डिंगी आहेत. त्यांचीही बोअरं चालू करायला लावू. चला, चपला घाला."

"आत्ता?"

ती निम्मा जिना चढली होती. खाली वर्गातल्या मुलींनी मशिनी सुरूही केल्या होत्या.